आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून? – स्नायूंची ताकद, जनुकं आणि घर

पिंपळपान

चार नातेवाईक जमले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आमच्याकडे सगळ्यांचेच हात दणकट, रक्तातच आहे ते." त्याची दुसरी बाजूही तितकीच ठरलेली: "आमची अंगकाठीच किरकोळ, कितीही व्यायाम केला तरी काय उपयोग?" दोन्हीकडे गृहीत एकच. मूल आईबापांसारखं निघालं म्हणजे ते जनुकांमुळेच निघालं.

पण आईबाप मुलाला नुसती जनुकं देत नाहीत. घरही देतात. कामाच्या, खेळण्याच्या, लोळण्याच्या सवयी देतात. मग पन्नाशीतल्या माणसाच्या मुठीत जो जोर असतो (किंवा नसतो), त्यातलं जन्मजात किती आणि घरातून आलेलं किती, हे सोडवायचं कसं?

ताकद मोजायची हौस जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात मापनाचं दालन थाटलं होतं. तिथे ९,३३७ लोकांची मापं घेतली गेली आणि उंची-वजनाबरोबर मूठ आवळण्याचा आणि ओढण्याचा जोरही नोंदवला गेला. मात्र बाप आणि मुलगा दोघेही दणकट आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण दोघांची जनुकंही सामायिक आणि घरही.

हा गुंता सोडवायला जुळी भावंडं कामी येतात. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी असतात, तर साध्या जुळ्यांची इतर भावंडांसारखी, म्हणजे ज्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो त्यांतली सरासरी निम्मी. घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना एकच. हुबेहूब जोड्या ताकदीत साध्या जोड्यांपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या निघाल्या तर ते जनुकांचं काम. दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच जुळल्या तर ते घराचं. आणि हुबेहूब जुळ्यांतही जो फरक उरतो, तो ज्याच्या-त्याच्या आयुष्याचा.

असे अभ्यास भरपूर झालेत. डेन्मार्कमध्ये ४५ ते ९६ वयाच्या जुळ्यांच्या हाताच्या पकडीत जनुकांचा वाटा ५२ टक्के निघाला. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही ताकदीच्या मापांसाठी सरासरी ५२ टक्केच. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी दहा लाखांवर तरुणांची पकड, कोपर वाकवण्याचा आणि गुडघा सरळ करण्याचा जोर मोजलेला आहे. तिथेही उत्तर निम्म्याच्या आसपास किंवा थोडं वर.

इथपर्यंत ठीक. माझी गाडी अडते ती पुढे. प्रौढांवरच्या बहुतेक अभ्यासांत 'सामायिक घरा'चा वाटा अगदी थोडा निघतो, कधीकधी शून्यच. उरलेला जवळजवळ सगळा भाग ज्याच्या-त्याच्या आयुष्याकडे जातो. म्हणजे मुलांना मैदानावर पिटाळणारे आईबाप आणि न पिटाळणारे आईबाप यांत चाळिशीनंतर काहीच फरक उरत नाही? मला हे पचत नाहीये. जाणकारांनी लिहावं.

---

मावळतीचं ऊन

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

---

चष्मिष्ट

गेल्या तपासणीत माझी पकड ४० किलो भरली. ५२ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले २०.८ किलो आईबाबांचे, बाकीचे माझे स्वकष्टार्जित. बरोबर ना? आईला फोन करून आभार मानावे म्हणतो. (हलकेच घ्या.)

---

उभा आडवा

चष्मिष्ट, तुम्ही गमतीत लिहिलंय, पण नव्वद टक्के लोक हा आकडा गंभीरपणे असाच वाचतात. म्हणून जरा लांबण लावतो.

५२ टक्के हा तुमच्या हाताबद्दलचा आकडाच नाही. तो एका गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल आहे. कुणाची पकड ३० भरते, कुणाची ५५. हा जो पसारा आहे, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एकट्या माणसाच्या ताकदीची अशी वाटणी करताच येत नाही. जनुकांवाचून स्नायू नाही आणि अन्न-हालचालीवाचूनही नाही.

दुसरं असं की हा आकडा निसर्गनियमासारखा पक्का नसतो. समजा उद्या सगळ्यांना लहानपणापासून अगदी एकसारखा आहार आणि एकसारखा व्यायाम मिळाला. परिस्थितीचा फरकच संपला, म्हणून उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा वाढेल. जनुकं जास्त शक्तिमान झाली म्हणून नव्हे, दुसरा भिडू खेळातून बाहेर गेला म्हणून. उलट जिथे काही मुलं अर्धपोटी आणि काही खाऊनपिऊन सुखी, तिथे तोच वाटा घटू शकतो.

आता पिंपळपान यांच्या मूळ अडचणीकडे. घराचा वाटा शून्याजवळ येतो याची कारणं मला तीन-चार दिसतात.

जुळ्यांचे मोठे अभ्यास मुख्यतः सुस्थितीतल्या देशांतले. तिथल्या घराघरांत मुळात फरक कमी, मग तो आकड्यांत उतरणार कुठून? शिवाय या गणितात 'घर' म्हणजे दोन्ही भावंडांना सारखं बनवणारी गोष्ट, तेवढीच. वडिलांनी दोघांना पोहायला नेलं, एकाला गोडी लागली, दुसऱ्याने नाक मुरडलं. हा प्रसंग घरातच घडला, पण गणितात तो 'ज्याच्या-त्याच्या आयुष्या'च्या खात्यात जातो! त्याच खात्यात मापनातल्या चुकाही जमा होतात.

आणखी एक गोम म्हणजे जनुकं आणि परिस्थिती हातात हात घालून चालतात. ज्याचं अंग जन्मतः काटक आहे तो खेळात जिंकतो, जिंकतो म्हणून आणखी खेळतो, प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर जाते. या साखळीतली निम्मी कडी परिस्थितीची असली तरी गणित ती सगळी जनुकांच्या नावावर टाकतं. आणि हुबेहूब जुळ्यांना लोक साध्या जुळ्यांपेक्षा जास्त एकसारखं वागवत असतील, तर जनुकांचा आकडा फुगणार. पद्धत हे गृहीत धरते की तसं होत नाही. किती खरं मानायचं यावर तज्ज्ञांचे वाद आहेत.

थोडक्यात, शून्य म्हणजे 'आईबापांनी काहीही केलं तरी सारखंच' असं नाही.

---

लोखंडप्रेमी

उभा आडवा यांना +१.

मी व्यायामशाळेत शिकवतो, त्यामुळे मला रोज दिसतं ते लिहितो. दोन नवखे एकाच दिवशी येतात, वजनं सारखी, वेळापत्रक सारखं. महिन्याभरात एक जण वजनाच्या चकत्यांवर चकत्या चढवत जातो, दुसरा जागच्या जागी. आणि दुसरा आळशी असतो असंही नाही, बऱ्याचदा तोच जास्त प्रामाणिक असतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांशी मज्जासंस्थेची असते, स्नायू जाडजूड व्हायला त्याहून वेळ लागतो. म्हणून सुरुवातीच्या आकड्यांवरून मी कुणाची कुंडली मांडत नाही.

शरीराची ठेवणही महत्त्वाची. कंडरा (स्नायूचं हाडाला जोडलेलं टोक) सांध्यापासून किंचित लांब जोडलेली असली की त्याच स्नायूला तरफेचा जास्त फायदा मिळतो. हाताची लांबी, सांध्यांची रुंदी, हे सगळं घेऊनच माणूस येतो. ते काही मी बदलू शकत नाही.

---

कुतूहल१२

लोखंडप्रेमी म्हणतात त्याला आकड्यांचा आधार आहे. २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५८५ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे फक्त एका हाताचा, तोही कमी वापरातल्या हाताचा, व्यायाम केला. सगळ्यांना तोच कार्यक्रम. एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणारं वजन कुणाचं अजिबात वाढलं नाही, तर कुणाचं २५० टक्क्यांनी वाढलं. दंडाच्या स्नायूचा आकार काहींचा किंचित घटला, तर कुणाचा ५९ टक्क्यांपर्यंत वाढला. म्हणजे नुसती मूळ ताकदच वेगवेगळी नसते, व्यायामाला मिळणारा प्रतिसादही वेगवेगळा असतो.

आता माझा प्रश्न. 'ताकदीचं जनुक' तपासून देणारे संच मिळतात. थुंकी पाठवायची आणि अहवाल येतो की तुम्ही धावपटू आहात की भारोत्तोलक. मुलासाठी करून घ्यावं का?

---

उभा आडवा

नको. पैसे वाचवा.

या अहवालांचा लाडका नायक म्हणजे एसीटीएन३ हे जनुक. झटक्याने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंत अल्फा-अॅक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं, ते याच्यावरून बनतं. जगात साधारण पाच-सहा जणांमागे एकाच्या शरीरात हे प्रथिन बनतच नाही, आणि तो माणूस पूर्ण निरोगी असतो. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या अव्वल खेळाडूंवरच्या अभ्यासात दिसलं की वेगाच्या आणि झटक्याच्या खेळांतल्या लोकांत हे प्रथिन नसलेले फारच कमी. झालं, जाहिरातवाल्यांना तेवढं पुरलं.

पण त्यानंतर एका स्पॅनिश लांबउडीपटूची नोंद झाली. ऑलिंपिकला गेलेला, आठ मीटरच्या पुढे उडी मारणारा, आणि त्याच्यात हे प्रथिन नाही! सर्वसाधारण लोकांच्या ताकदीतल्या फरकात या जनुकाचा हिस्सा जेमतेम दोन-तीन टक्के, बऱ्याच अभ्यासांत त्याहूनही कमी. तेवढ्यावरून पोराचा खेळ ठरवणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा.

एकाच जनुकाने चमत्कार घडवल्याची उदाहरणं आहेत, पण ती अतिदुर्मीळ. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ साली शास्त्रज्ञांनी उंदरांतलं ते जनुक निकामी केलं तर त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या गायीबैलांच्या अवाढव्य देहामागेही हेच आहे. २००४ साली जर्मनीतल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) बिघाड होता. साडेचार वर्षांचं पोर दोन्ही हात बाजूला ताठ पसरून प्रत्येक हातात तीन-तीन किलोचं वजन धरायचं. आई पूर्वी व्यावसायिक धावपटू होती आणि तिच्या एका प्रतीत तोच बिघाड सापडला.

तुमच्या-आमच्यात मात्र ताकद शेकडो-हजारो बारीकसारीक जनुकीय फरकांत विखुरलेली असते. २०१७ साली १,९५,१८० लोकांची पकड आणि जनुकं ताडून पाहिली, तेव्हा जनुकसंचात पकडीशी जोडलेल्या, खात्रीलायक अशा १६ जागा सापडल्या. त्या एकत्र धरूनही ताकदीतल्या फरकाचा अगदी बारका तुकडा हाती लागतो. जुळे म्हणतात ५२ टक्के, आणि जनुकांची यादी घेऊन बसलं तर त्याच्या जवळपासही पोचत नाही. ही मधली दरी अजून बुजलेली नाही. मग थुंकीच्या संचाला कोणता साक्षात्कार होणार?

---

बोलका सांधा

फिजिओथेरपिस्ट आहे, पकड मोजणं हा रोजचा धंदा. वर सगळे 'पकड', 'पकड' म्हणतायत, पण ती मोजतात कशी हे पाहिलंत तर आकड्यांकडे बघायची नजर बदलेल.

जामार नावाचं पकडमापक बहुतेक ठिकाणी वापरतात. रुग्णाला खुर्चीत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ. मापकाची मूठ पाच अंतरांवर बसवता येते, सहसा दुसऱ्या खाचेवर ठेवतात. मग सांगायचं, "आवळा, आणखी, आणखी, सोडा." तबकडीवर दोन काटे असतात. एक जोराबरोबर पुढे जाऊन मागे येतो, दुसरा सर्वांत वरच्या आकड्यावर थांबून राहतो. माणसं दात-ओठ खातात, खांदा वर उचलतात, श्वास कोंडतात. कोपर जरा अंगापासून सुटलं की आकडा बदलला. मी जोरात ओरडून प्रोत्साहन दिलं तर बदलला. रात्री झोप झाली नसेल, अंगठा दुखत असेल, तरी बदलला. म्हणून दोन्ही हातांचे तीन-तीन प्रयत्न घेतो.

ही सगळी हलहल 'ज्याच्या-त्याच्या आयुष्या'च्या खात्यात पडते, हा उभा आडवा यांचा मुद्दा म्हणूनच मला फार पटला. त्या खात्यातलं सगळंच आयुष्य नसतं, थोडी माझी आरडाओरडही असते.

अंदाज हवा असेल तर ब्रिटनमधल्या १२ अभ्यासांतले सुमारे ५० हजार लोक एकत्र केल्यावर पुरुषांची मधली पकड ऐन भरात ५१ किलो आणि स्त्रियांची ३१ किलो निघाली. तिशीच्या आगेमागे शिखर, चाळिशीपर्यंत पठार, मग उतार. चष्मिष्ट, तुमचं वय विचारत नाही.

---

चष्मिष्ट

विचारू नकाच.

---

पिंपळपान

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार चांगली चर्चा चालली आहे. उभा आडवा, 'घर' या खात्यात काय मोडतं आणि काय नाही, हा खुलासा मला हवा होता.

त्यावरून थोडं वाचलं. घराचा ठसा प्रौढपणी दिसत नसला तरी आयुष्याच्या सुरुवातीचा ठसा दिसतो! स्नायुतंतूंची संख्या बरीचशी जन्माच्या सुमारासच ठरून जाते, पुढे ते मुख्यतः जाड होतात. त्यामुळे गर्भातल्या पोषणाचा हिशेब दूरवर पोचतो. बऱ्याच अभ्यासांचा मिळून २०१२ साली जो निष्कर्ष निघाला, त्यात जन्मवजन एक किलोने जास्त असेल तर पुढे पकड सरासरी ०.८६ किलोने जास्त आढळली. आकडा छोटा आहे, पण तो पोरवयापासून म्हातारपणापर्यंत टिकतो. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यांतली जी बाळं उशिरा उभी राहिली, ती ५३व्या वर्षी खुर्चीतून उठण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या चाचण्यांत थोडी मागे होती.

आता जन्मवजन हे जनुक की घर? आईचं पोषण, आजारपण, आईची स्वतःची अंगकाठी, सगळंच त्यात आलं. जुळ्यांना तर गर्भाशयही एकच. तरी आईच्या पोटात काय मिळालं, ते मी तरी 'रक्तातच आहे' या खात्यात टाकणार नाही.

---

लोखंडप्रेमी

एक जोडी मला फार आवडते. अमेरिकेतले हुबेहूब जुळे भाऊ, वय ५२. एकाने तीस वर्षं लांब पल्ल्याचं धावणं-सायकलिंग केलं, दुसऱ्याने काही खास नाही. २०१८ मध्ये दोघांचे स्नायू तपासले. धावणाऱ्याच्या मांडीत नव्वद टक्क्यांहून जास्त तंतू संथ गतीचे, दुसऱ्याच्या मांडीत त्याहून कितीतरी कमी. जनुकं तीच! पण गंमत अशी की पायांची ताकद आणि आकार न धावणाऱ्याचाच जास्त होता. जास्त वजन वागवून चालत होता बिचारा, आणि दम टिकवण्याचा सराव म्हणजे ताकदीचा सराव नव्हे.

माझ्याकडे रोज धावणारे येतात, "आम्हाला वजनं कशाला?" म्हणतात. त्यांना मी हीच जोडी सांगतो.

---

कुतूहल१२

मुलाचा संच रद्द. :) पण मग वेगळा प्रश्न. मुलगी १४ वर्षांची आहे, घरातल्या आग्रहाने खेळायला जाते. हा आग्रह पुढे काही कामाला येईल का? की अठरा वर्षांची झाली की तिचं तीच ठरवणार?

---

उभा आडवा

याचं उत्तर बरंचसं मिळालेलं आहे आणि ते थोडं निराश करणारं आहे.

नेदरलँड्समध्ये १३ ते २० वयाच्या जुळ्यांना खेळता का, हे विचारलं गेलं. तेरा ते सोळा या वयात खेळण्या-न खेळण्यातल्या फरकाचा चार-पंचमांशाच्या आसपास भाग सामायिक घर-परिसराकडे जात होता, जनुकांकडे जवळजवळ काहीच नाही. अठरा ओलांडली की घराचा भाग नाहीसा आणि जनुकं पुढे. नंतर सात देशांतल्या ३७,०५१ जोड्यांवर १९ ते ४० वयात हेच पाहिलं. व्यायाम करण्या-न करण्यातल्या फरकात जनुकांचा वाटा बहुतेक ठिकाणी ४८ ते ७१ टक्के, घराचा जवळपास सगळीकडे नगण्य.

म्हणजे तुमचा आग्रह आज चालतोय तो तुमच्या छताखाली आहे म्हणून. व्यायामाची गोडी, घाम गाळल्यावर बरं वाटणं की नकोसं होणं, यातही जन्मजात फरक असतात, ते पुढे डोकं वर काढतात. पण या अभ्यासात 'खेळते का' एवढंच विचारलं होतं. चौदाव्या वर्षी शिकलेली उडी, फेक, तोल हे कौशल्य पुढे विसरतं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. ऐन वाढीच्या वयात हाडांना मिळालेला ताण वाया जातो असंही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर 'जायचंच' यावर अडून बसलो नसतो. चार वेगवेगळे खेळ तिच्यासमोर ठेवले असते आणि त्यांतला एक तिला स्वतःहून आवडतो का, याची वाट पाहिली असती.

---

मावळतीचं ऊन

लहान मुलांचं झालं. आमच्या वयाच्या लोकांचं काय? मी ७१ वर्षांची. आईचा हात शेवटी इतका कमजोर झाला होता की बाटलीचं झाकण उघडत नसे. माझंही तसंच होणार असं धरून चालू का? आणि घरी ते मापक नसताना कळणार कसं?

---

बोलका सांधा

ताई, धरून चालू नका. १९९० सालचा एक छोटा अभ्यास आहे. वृद्धाश्रमातले दहा जण, सरासरी वय नव्वद. आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम, अर्थात देखरेखीखाली. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! त्यांची जनुकं काही त्या आठ आठवड्यांत बदलली नव्हती. आईकडून अंगकाठी आली असेल, पण शेवटच्या वर्षांतल्या आईच्या हातात तिचं आजारपण आणि बसून काढलेला काळही होता. तो तुम्हाला वारशाने मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते, आणि ६५ च्या वरच्यांसाठी त्यात तोलाचे व्यायाम जोडते.

घरी पाहण्यासाठी खुर्ची पुरते. पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. शेजारी कुणीतरी घड्याळ घेऊन हवं, पडण्याची भीती असेल तर करूच नका. युरोपातल्या तज्ज्ञांच्या निकषांनुसार १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ताकद कमी पडतेय असं समजून डॉक्टरांना दाखवावं. गुडघे दुखत असतील तर या वेळेचा अर्थ ताकदीशी लावू नका, आधी गुडघ्यांचं बघा. वेळ इथे लिहिलात तर पुढे काय करायचं ते सांगते.